पणजीचे माहेर

आमच्या घराण्याची वंशावळ आजोबांच्या एका चुलत भावाने जाड कागदावर शाईने आखून ठेवली आहे. वर मूळ पुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे, अशी ती आठ पिढ्या खाली उतरते. निपुत्रिक वारलेल्या पुरुषाच्या नावाखाली त्यांनी आडवी रेघ ओढली आहे, आणि जो दत्तक गेला तो कोणत्या शाखेत गेला हे बारीक अक्षरांत लिहिले आहे. इतक्या काळजीने केलेल्या या कामात एकाही स्त्रीचे नाव नाही. वडिलांचे वर्तुळ आहे, माझ्या भावाचे आहे. मी नाही, आई नाही, आजी नाही. घराण्याचा इतिहास लिहायचे मी ठरवले तेव्हा या कागदाबद्दल मला कृतज्ञताच वाटली आणि आजही वाटते, कारण तो नसता तर पहिले पाऊल कोठे टाकायचे हेच कळले नसते. पण तो समोर ठेवून लिहायला बसले की एक प्रश्न सतत आडवा येई: ही माणसे कोणाच्या पोटी जन्मली?

प्रश्न भावनेचा आहे तसा साध्या गणिताचाही आहे. मागे जाताना प्रत्येक पिढीला पूर्वजांची संख्या दुप्पट होते. दोन आईवडील, चार आजीआजोबा, त्यांच्या मागे आठ जण, आणि दहाव्या पिढीला हा आकडा १०२४ वर पोहोचतो. प्रत्यक्षात तेवढी वेगवेगळी माणसे नसतात. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या समाजात आहे तेथे एकच जोडपे दोन-तीन वाटांनी आपले पूर्वज ठरते. तरीही वाटा पुष्कळ असतात. वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील अशी सरळ वर जाणारी वंशावळ त्यांतली एकच वाट धरते आणि बाकीच्या सगळ्या सोडून देते. त्या एका वाटेला आपण ‘आमचे घराणे’ म्हणतो, आणि त्याचा अभिमान बाळगताना उरलेल्यांची आठवणही आपल्याला होत नाही.

वंशावळ अशी का घडली याचे उत्तर मला बऱ्याच उशिरा, जुने कागद चाळताना मिळाले. आपल्याकडच्या पुष्कळ वंशावळी कोणाला आपले पूर्वज आठवावेसे वाटले म्हणून लिहिल्या गेलेल्या नाहीत. त्या हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिल्या गेल्या. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदारांना, आपल्याकडची जमीन मूळ कोणाला मिळाली आणि ती आपल्यापर्यंत कशी आली हे दाखवणे भाग पडले. त्यासाठी सनदा हव्यात, कैफियत हवी आणि पिढ्यांचा क्रम हवा. पुढे १८७४ च्या वतन कायद्याने पाटील-कुळकर्ण्यांपासून गावच्या कनिष्ठ वतनदारांपर्यंत सर्वांच्या वारसांची नोंद ठेवण्याची पद्धत पक्की झाली. हक्क ज्या वाटेने उतरतो तीच वाट वंशावळीत उतरली. आजोबांच्या भावाने आखलेला तक्ता हा अशाच एका जुन्या वतनाच्या कागदाचा विस्तार होता, हे मला नंतर त्यांच्याच टिपणांवरून कळले. त्यांनी स्त्रियांना वगळले नाही. त्यांच्यासमोरच्या कागदात त्या नव्हत्याच.

तेव्हापासून कोणताही जुना कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे याच्या आधी मी तो कशासाठी लिहिला गेला हे पाहते. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला यापेक्षा उपयोगी दुसरी सवय नाही, असे माझे मत झाले आहे. शेतसारा वसुलीचा कागद ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याचे नाव सांगतो, त्याच्या भावांचे सांगत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरला पटावरच्या मुलाशी कर्तव्य असते, घरी राहिलेल्या त्याच्या बहिणीशी नसते. अलीकडच्या काळात जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागतो म्हणून असंख्य कुटुंबांनी आपल्या आजोबा-पणजोबांची कागदपत्रे पहिल्यांदाच शोधली. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, आणि हवी ती तारीख सापडली की शोध तेथेच थांबतो. तो थांबणे समजण्यासारखे आहे. पण ज्या नोंदवहीच्या पानावर आपल्या आजोबांचे नाव सापडले, त्याच पानावर वरखाली त्यांचे चुलते, शेजारी, मेहुणे असू शकतात. पान परत देण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे, निदान पूर्ण पानाचे छायाचित्र तरी घ्यावे, एवढे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

माझा शोध पणजीपासून सुरू झाला, म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या आईपासून. घरात तिच्याविषयी तीन गोष्टी ठाऊक होत्या. ती लवकर विधवा झाली, तिने एकुलता मुलगा वाढवला, आणि ती फार कमी बोलत असे. तिचे सासरचे नाव सर्वांना माहीत होते. माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, गाव यांतले काहीही कोणाला सांगता येत नव्हते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याच्या रिवाजामुळे हे फार सहज घडते. तांब्याच्या ताम्हनात तांदळांवर नवे नाव रेखले जाते आणि त्या दिवसापासून जुने नाव फक्त माहेरच्या माणसांच्या तोंडी उरते. ती माणसे गेली किंवा त्यांच्याशी जाणेयेणे तुटले की ते नावही जाते. एकाच बाईच्या आयुष्याचे असे दोन तुकडे होतात आणि दोन वेगळ्या गावांच्या कागदांत दोन वेगळ्या नावांनी राहतात. त्यांना जोडणारी नोंद मुद्दाम कोणी केलेली नसते.

महसुली कागदांत ती मला पहिल्यांदा दिसली. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव फेरफाराच्या नोंदवह्या तयार झाल्या. जमिनीच्या हक्कात बदल झाला की त्याची क्रमांकवार नोंद येथे होते: खरेदी, गहाण, वाटणी, वारस. आता अनेक जिल्ह्यांतले जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात, त्यामुळे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जाण्यापूर्वी बरीच तयारी घरी बसून करता येते. हे कागद वाचताना शेऱ्यांची लघुरूपे समजून घ्यावी लागतात, कारण घरातल्या नात्यांचा बराचसा इतिहास त्यांतच दडलेला असतो. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून तेथे आहे आणि धाकट्या भावांची नावे चढलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ते भाऊ नव्हतेच असे समजून शाखा पुसून टाकू नये. ‘अ.पा.क.’ असेल, तर मालक अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला, आहे आणि त्याच्या वतीने पालनकर्ता म्हणून दुसऱ्याचे नाव लागले आहे.

पणजोबा १९१८ च्या मानमोडीत गेले. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला आपल्याकडे हेच नाव पडले होते. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. अनेक मराठी घरांच्या वंशावळीत या वर्षाच्या आसपास एकदम तीन-चार नावांखाली आडव्या रेघा दिसतात, तशा आमच्याही दिसतात. पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात जमीन माझ्या आजोबांच्या नावे झाली, तेव्हा ते पाळण्यातून नुकतेच उतरले असतील. त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि नंतर पणजीचे नाव. पुढची चौदा-पंधरा वर्षे पेरणीपासून साऱ्यापर्यंतच्या प्रत्येक कागदावर ती आहे. आणि मग एक लहानसा फेरफार येतो: मुलगा सज्ञान झाला, सबब अ.पा.क. शेरा कमी केला. त्या नोंदीनंतर ती जमिनीच्या कागदांतून गेली, ती कायमची. त्यानंतर ती जवळजवळ तीस वर्षे जगली, शेतावर जात राहिली, नातवंडे वाढवली. सरकारी दप्तराला तिची गरज नवऱ्याच्या मरणापासून मुलाच्या सज्ञान होण्यापर्यंत होती.

हे लक्षात आल्यावर घरातल्या सगळ्या स्त्रियांच्या नोंदी मी त्याच नजरेने तपासल्या. मालकी हलते तेव्हाच स्त्री दिसते. नवरा मेला तर विधवा म्हणून, मूल अज्ञान असेल तर पालनकर्ती म्हणून. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारस नोंदींत मुलींची नावे मुलांच्या बरोबरीने येऊ लागतात, आणि हा बदल फेरफाराच्या वहीत अगदी डोळ्यांना दिसतो: आधीच्या पानांवर ‘वारस मुलगे’ एवढेच असते, नंतरच्या पानांवर विवाहित मुलींची सासरची नावे आणि गावेसुद्धा मिळतात. पुढे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क दिला. पण आमच्या घरातल्या कागदांत वारस नोंदीच्या मागोमाग बहुतेक वेळा हक्कसोडपत्र येते. माझ्या दोन्ही आत्यांची नावे ज्या जमिनीला लागली, त्या जमिनीवरून ती वर्षभरात कमी झाली. ज्या कागदाने त्यांना घराण्याची वारस म्हटले त्याच्याच पुढच्या पानाने त्यांना त्यातून मोकळे केले. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. आत्यांनी सह्या राजीखुशीने केल्या असे त्या स्वतः सांगतात, आणि त्यांचे म्हणणे मी तसेच लिहून ठेवले आहे. पण भावी काळातल्या वाचकाला हक्कसोडपत्राची तारीख आणि त्यामागची घरातली परिस्थिती दोन्ही कळली पाहिजेत.

पणजीच्या माहेराचा पहिला धागा मात्र कागदाने दिला नाही, तो थोरल्या आत्याने दिला. आत्या आता नव्वदीला टेकल्या आहेत. वयस्क माणसाला ‘तुमच्या आजीचे माहेर कोणते’ असे सरळ विचारले तर ‘काय की’ एवढेच उत्तर मिळते. आठवण अशा प्रश्नांच्या रांगेत बसत नाही. कामाविषयी विचारावे, घराच्या रचनेविषयी विचारावे, कोण कोठे झोपत असे, पाणी कोठून आणीत, आजारपणात कोणाला बोलावीत, हे विचारावे. जात्याचा विषय निघाला आणि आत्यांनी आजीकडून ऐकलेल्या ओव्या म्हणायला सुरुवात केली. एका ओवीत भावाच्या गावाचे नाव होते, आणि त्या गावाला जाताना लागणाऱ्या नदीच्या उताराचाही, म्हणजे ती पायी ओलांडायच्या जागेचाही, उल्लेख होता.

ओवी हा पुरावा म्हणून कसा वापरावा, याचा मी बराच विचार केला. बायकांनी दळताना गायलेल्या ओव्यांत आई, भाऊ, माहेरची वाट हे विषय पुन्हापुन्हा येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात, जो आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहे, त्याची कितीतरी उदाहरणे सापडतात. पण ओवी एकीकडून दुसरीकडे जाते. पंढरपूर, आळंदी ही नावे तर सर्वांचीच असतात, आणि एखाद्या शेजारणीच्या माहेरचे गावसुद्धा ऐकणारीच्या ओवीत जसेच्या तसे राहू शकते. म्हणून ओवीतल्या गावाला मी पुरावा मानले नाही, फक्त शोधाची दिशा मानली. नदीच्या उताराचा तपशील मात्र मला महत्त्वाचा वाटला, कारण तो ठरीव शब्दांत बसणारा नव्हता. तो ती वाट चाललेल्या बाईचा होता.

दुसरा धागा नोंदणी कार्यालयात मिळाला. अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून पणजीने एक शेत गहाण ठेवल्याचा फेरफार होता आणि त्यात दस्ताचा क्रमांक दिलेला होता. त्या आधारे दुय्यम निबंधकांच्या जुन्या सूचीतून गहाणखताची नक्कल निघाली. दस्त मोडीत आहे. मोडी मी याच कामासाठी शिकले. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि तिला लटकत अक्षरे शक्यतो हात न उचलता लिहीत जायचे, अशी ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडून लिहिण्याची सक्ती नाही, आणि प्रत्येक लेखकाची लकब वेगळी. सुरुवातीला सगळे पान एकच शब्द वाटतो. कामापुरती मोडी यायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही, रोज थोडा वेळ आणि एकाच हाताचे पुष्कळ लेखन डोळ्यांखालून जाणे लागते. एका गावच्या एका कुळकर्ण्याचे अक्षर लागले की त्याच्या कारकिर्दीतले सगळे कागद उघडतात.

गहाणाचे कारण दस्तात लिहिले आहे: मुलाच्या विद्याभ्यासाकरिता व प्रपंचाकरिता. खाली पणजीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. माझ्याजवळ तिचे छायाचित्र नाही. तिच्या देहाची एवढीच खूण उरलेली आहे. साक्षीदार दोन. एक आमच्याच गावचा. दुसऱ्याच्या नावापुढे वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव, आणि ते गाव आत्यांच्या ओवीतले.

साक्षीदार भाऊ असेलच असे नाही. तो मेहुणा असेल, सावकाराचा माणूस असेल, त्या दिवशी तालुक्याला आलेला कोणीही असेल. म्हणून तिसरी, या दोन्हींशी संबंध नसलेली नोंद हवी होती. ती नाशिकला मिळाली. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशा तीर्थांच्या ठिकाणी उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढतात, आणि अस्थी विसर्जनाला किंवा श्राद्धाला आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली, कधी स्वतःच्या हाताने लिहिलेली कुटुंबाची यादी तीत असते. आम्ही नेहमी आपल्या घराण्याच्या नावाने तेथे जातो. मी पणजीच्या माहेरच्या संभाव्य आडनावाने गेले. शके १८४७ मधल्या नोंदीत, म्हणजे १९२५-२६ साली, तोच साक्षीदार आईच्या अस्थी घेऊन आला होता. त्याने वडील, आजोबा, पणजोबा, भाऊ, मुलगे सांगितले होते, आणि त्यांच्या खाली तीन बहिणी, प्रत्येकीचे माहेरचे नाव आणि ती कोठे दिली ते गाव. मधल्या बहिणीपुढे आमचे गाव आणि आमचे आडनाव होते.

या वहीचाही स्वतःचा हेतू आहे, आणि येथे तो कामी आला. हक्काच्या कागदाला पुरुषांची एक रांग पुरते. श्राद्धविधीला ती पुरत नाही. महालयात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचाही उच्चार होतो आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्यांचा सपत्नीक होतो. म्हणजे ज्या घरात हे विधी होत आले त्या घरात तीन पिढ्यांच्या बायकांची नावे निदान वर्षातून एकदा घेतली जात होती. ती पाठ होती पण लिहिलेली नव्हती, आणि विधी थांबले तेव्हा नावेही थांबली. सगळ्या समाजांत हे एकाच रीतीने होत नव्हते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी आणि इतरत्र भाट घरोघर येऊन पिढ्या वाचून दाखवीत. ज्यांच्या दाराशी यांतले कोणीच येत नव्हते त्यांचा इतिहास शाळेच्या रजिस्टरात, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, गिरणीच्या किंवा पलटणीच्या कागदांत शोधावा लागतो. साधन वेगळे, प्रश्न तोच: हे कोणी, कोणासाठी लिहिले?

तारखांविषयी थोडे सांगायला हवे, कारण बहुतेक हस्तलिखिते तेथेच अडखळतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (वर्षअखेरच्या महिन्यांत ७९), दक्षिणेतल्या फसली सनात ५९० मिळवावे लागतात, आणि पेशवाईतल्या कागदांवर असणाऱ्या शुहूर सनात ५९९. शुहूर सन तर अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो: ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१, अर्थात १७७०-७१. फसली आणि शुहूर दोन्ही वर्षे मृगाला बदलतात, म्हणून इसवी सनाचे एकच वर्ष लिहिण्याऐवजी जोडवर्ष लिहिणे चांगले. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख तर शब्दशः घेऊच नये. शाळा जूनमध्ये उघडत आणि मूल पटावर घेताना गुरुजी वयाच्या अंदाजाने तीच तारीख टाकीत. आमच्या घरातल्या एका पिढीतल्या चार भावंडांचा वाढदिवस १ जूनला येतो. याउलट निरक्षर माणसाने घटनेशी बांधलेली तारीख आश्चर्य वाटावे इतकी पक्की निघते. पणजी केव्हा गेली याची नोंद मिळत नव्हती. आत्यांनी सांगितले की पानशेत फुटले त्याच्या आदल्या वर्षी, गणपतींनंतर. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले. कोतवाल बुकात सप्टेंबर १९६० मध्ये तिची नोंद निघाली.

सापडलेले लिहायचे कसे, हा शोधाइतकाच कठीण भाग आहे. विसाव्या शतकात प्रसिद्ध झालेल्या मराठी कुलवृत्तांतांबद्दल मला फार आदर आहे. त्यांतल्या चांगल्या ग्रंथांत सुनांची माहेरची नावे आणि मुलींची सासरे काळजीने दिलेली असतात, आणि हजारो माणसांची माहिती पोस्टकार्डे पाठवून गोळा केलेली असते. तरी त्यांची मांडणी शाखा आणि पुरुष हीच राहते. मी मांडणी उलट बाजूने केली. स्वतःला क्रमांक १ द्यायचा. कोणत्याही व्यक्तीच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे तिचे वडील आणि दुपटीत एक मिळवला की तिची आई. मायकेल आयट्झिंगर याने १५९० मध्ये ही रीत वापरली आणि पुढे युरोपातल्या वंशशास्त्रात ती रूढ झाली. वडील २, आई ३, वडिलांचे वडील ४, आणि ज्या पणजीविषयी मी लिहिते आहे ती ९. या पद्धतीत प्रत्येक आईला जागा मिळते. जी ठाऊक नाही तिचाही क्रमांक असतो, आणि तो रिकामा आहे हे पानावर दिसते. मी असे क्रमांक गाळलेले नाहीत. क्रमांक, त्यापुढे कोरी जागा, आणि खाली आजवर कोठे कोठे शोधले याची एक ओळ, एवढे छापले आहे, म्हणजे पुढच्याला त्याच वह्या पुन्हा चाळाव्या लागणार नाहीत.

वाक्यरचनेबद्दलही एक नियम पाळला. कागद सांगतो ते ‘फेरफारात असे आहे’ म्हणून लिहायचे, आत्या सांगतात ते ‘आत्या सांगतात’ म्हणून, आणि माझा तर्क असेल तर ‘मला असे वाटते’ म्हणून. भाऊ गहाणखताला साक्षीदार होता हे कागद सांगतो. माहेराशी जाणेयेणे पुढे तुटले हे आत्या सांगतात. गहाण पडलेले शेत सोडवताना भावाने मदत केली नाही आणि त्यावरून तुटले असावे, हे मला वाटते, आणि ते वाटण्यापलीकडे नेण्याचा अधिकार मला नाही. घराण्याच्या इतिहासात पूर्वजांना थोर करण्याचा मोह होतो आणि हल्ली त्यांना दुःखी करण्याचाही होतो. दोन्हींत माणूस हरवतो.

पणजीचे माहेरचे नाव मी येथे देत नाही. ते आमच्या घरच्या वहीत आहे आणि तिच्या माहेरच्या आजच्या पिढीला मी ते कळवले आहे. त्यांच्याकडेही ही बहीण कोठे दिली हे कोणाला ठाऊक नव्हते. हयात माणसांविषयीचा मजकूर त्यांना दाखवल्याशिवाय मी एकही पान कोणाला दिलेले नाही. एका चुलत घरात पाट लागलेल्या आजीचे पहिले लग्न लिहावे की नाही यावर बराच खल झाला. तिच्या नातीने शेवटी सांगितले की लिही, पण तिने तो निर्णय स्वतः घेतला होता हेही लिही. ते लिहिले, आणि त्या एका वाक्याने ते पान अधिक खरे झाले.

आता काम आईच्या बाजूला वळले आहे. ११ (वडिलांच्या आईची आई) आणि १३ (आईच्या वडिलांची आई) या क्रमांकांच्या पणज्यांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे मिळाली. १५ वी, म्हणजे आईच्या आईची आई, मराठवाड्यातली. तो भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबई इलाख्याच्या कागदांचे शिकलेले बरेचसे तेथे उपयोगी पडत नाही. फेरफारांच्या सलग वह्यांऐवजी सेतवार आणि १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक या तिकडच्या जमीन-नोंदींवर भर द्यावा लागतो, आणि त्याआधीचे बरेच दप्तर उर्दूत आहे. मोठ्या मावशीने आपल्या आजीविषयी सांगितलेले मी ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे. तिच्या सांगण्यात एका देशमुखांच्या वाड्याचा आणि त्यांच्याकडे कारकून असलेल्या भावाचा उल्लेख आहे. कारकुनाचे नाव कोठल्या तरी पगारपत्रकात असायला हवे. ते वाचायला शिकस्ता, म्हणजे उर्दू-फारसीचे घाईचे जोडलेले, हस्ताक्षर येणारे एक निवृत्त शिक्षक तयार झाले आहेत, आणि पावसाळ्यानंतर आम्ही दोघे जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात जाणार आहोत.